फाटकावरची शिडी

वाचकहो, घराण्याला स्वतःचे कुलचिन्ह हवे, हे आमच्या साऱ्या गावात प्रथम माझ्याच ध्यानात आले! धुळ्याच्या तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकलेला मनुष्य असली कामे अंदाजाने करीत नाही. मी ढाल आखली. डावीकडे कापसाचे बोंड, म्हणजे कष्ट. उजवीकडे काटकोन तपासायचा गुण्या, म्हणजे अचूकता. मधोमध शिडी, म्हणजे उन्नती! खाली ब्रीद: 'आम्ही एक'. पारोळ्याहून ती लोखंडी पत्र्यात घडवून आणली आणि फाटकाला पक्की वेल्ड केली.

समोरच राहणारा धाकटा भाऊ जीवराम नेहमीप्रमाणे संध्याकाळच्या चहाला आला. "नाना, ढाल भारी शे! पन लढाई कोनासंगे?"

लढाई लवकरच ठरली. त्याची पत्नी बेबाबाई सरपंचपदाला उभी राहिली. तिला चिन्ह मिळाले कपबशी. विरोधी प्रेमराजला मिळाली शिडी!

"अहो, आजच्या आज काढा ती!" आमच्या प्रमिलाबाई म्हणाल्या.

"कुलचिन्ह निवडणुकीपुरते बदलत नसते!"

"मग झाका तरी!"

मी बारदान घेतले आणि सुतळीने चारही कोपरे ताणून बांधले. तोवर ज्यांचे लक्षही नव्हते, तेही आता थांबून डोकावू लागले! प्रेमराज पारावर सांगत सुटला, "नाना आपलाच शे! भाऊले भ्याईसन झाकेल शे!"

बेबाबाई पडली. गुलालाची मिरवणूक माझ्याच फाटकाशी थांबली. प्रेमराजने बारदान ओढून काढले, शिडीला हार घातला आणि वर माझ्या पाया पडला! समोरच्या ओट्यावर जीवराम उभा होता.

"नाना, 'आम्ही एक' म्हंजे तुम्ही आनि प्रेमराज का?"

एवढे बोलून त्याने दार लावून घेतले. त्या संध्याकाळी तो चहाला आला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी वेल्डरला बोलावले आणि गॅस कटरने शिडी नेमकी रेषेवरून कापून घेतली. पायऱ्यांमधले चौकोन गळू नयेत म्हणून बारीक दुवे तेवढे राखले. सुताचाही फरक नाही! प्रमिलाबाईंना दोन कप चहा ठेवायला सांगून मी फाटकाशी उभा राहिलो.

मावळतीचे ऊन माझ्या मोकळ्या अंगणावरून आले, ढालीतल्या भोकातून पार गेले, आणि जीवरामच्या बंद दारावर लख्ख उजेडाची शिडी उभी राहिली. अगदी मापात!

छायारेखन, म्हणजे सावली कुठे पडेल ते आखणे, हा विषय आम्हाला पहिल्याच वर्षी होता. मला त्यात पैकीच्या पैकी गुण होते.