डेलिथचे पन्नास

बेथनचा नवरा एमिर शेजारून शिडी घेऊन आला तो कोट काखेत मारूनच.

"काय ऊबदार घर ठेवलंय गं डेलिथनं," तो म्हणाला. "तिचा ओशान नुसत्या बनियनवर रांगतोय. आणि बॉयलर कितीवर असेल? पन्नासावर!"

बेथन तेव्हा मालीच्या पायात मोज्यावर मोजा चढवत होती. घर तापवणारा तिचा गॅसचा बॉयलर पंचाहत्तर अंशांवर होता, बाळ घरी आल्यापासून. तरीही मालीच्या खोलीतला अंड्याच्या आकाराचा दिवा, जो ऊब पुरेशी असली की पिवळा आणि गारठा वाढला की निळा होतो, तो कसाबसा पिवळा राहायचा. त्यांचं घर भिंतीला भिंत लागलेल्या रांगेतलं शेवटचं; उघड्या बाजूला थेट डोंगरावरचा वारा. पण ती झाली सबब. डेलिथचं पोर रात्रभर झोपतं, डेलिथचा केक फुगतो आणि आता डेलिथला पन्नासावर ऊबही येते, त्याला कुठली सबब पुरणार? बेथन आतून अशी पेटली की तिला बॉयलरची गरजच उरली नाही.

एमिर अंघोळीला गेल्यावर तिनं स्वयंपाकघरातलं बॉयलरचं कपाट उघडलं आणि खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरचं चित्र असलेलं बटण पन्नासावर आणून ठेवलं.

सकाळी अंडं निळं. कमी तापमानावर घर सावकाश तापतं, धीर धरावा, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. तिनं धीर धरला आणि मालीला टोपी घातली. दुसऱ्या दिवशी टोपीवर टोपी. पानांत गुंडाळलेल्या कोबीसारखी माली गादीवर बसून राहिली. रांगायला तिचे गुडघेच वाकेनात.

"आपल्याकडे जरा गारठलंय का गं?" एमिरनं चहाच्या कपाला दोन्ही हातांनी मिठी मारत विचारलं.

"डेलिथकडे जाऊन आलायस ना. आता आपलं घर गारच लागणार तुला."

पण माली शिंकली, तेव्हा बेथनचा अभिमान लटपटला. ती कपाटाशी गेली, बटणाला हात घातला आणि तेवढ्यात दार वाजलं. दारात डेलिथ, स्वेटरवर नवऱ्याचा स्वेटर घालून. कडेवर नाकापर्यंत टोपी ओढलेला ओशान.

"बेथन, तुमचा बॉयलर बिघडलाय का गं?"

"नाही. का?"

"तुमच्या बाजूची आमची भिंत पार गार पडलीय. ओशानचा पाळणा तिलाच टेकवलाय आम्ही, मस्त शेकायचा तो. शेवटी आज आमचा बॉयलर पंचाहत्तरावर न्यावा लागला बाई."

म्हणजे हिवाळाभर गॅस बेथननं जाळला, शेकला ओशान, आणि कौतुक डेलिथच्या पन्नासाचं!

"आमचा ठीक आहे," ती म्हणाली. "पन्नासावर ठेवलाय. तुझ्यासारखाच."

दार लावून ती आत आली आणि तिनं मालीचा पाळणा ढकलत ढकलत डेलिथच्या भिंतीला नेऊन टेकवला. संध्याकाळी अंडं पिवळं झालं.

शनिवारी डेलिथचा नवरा रीस शिडी परत न्यायला आला. माली अनवाणी, नुसत्या बनियनवर, त्याच्या बुटांच्या दिशेनं रांगत निघाली. त्यानं कोटाची चेन उघडली.

"काय ऊबदार घर आहे तुमचं. बॉयलर कितीवर ठेवता?"

एमिरनं बायकोकडे पाहिलं.

"पन्नासावर," मोज्यांच्या घड्या घालत बेथन म्हणाली. "पण डेलिथला सांग, तिनं तिचा मुळीच कमी करू नये. लहान मूल आहे घरात."