ऐंशीच्या पुढचा शिसोबा

एका जंगलात डांबरी रस्ता होता, आणि रस्ता आहे म्हणून वाघमहाराजांनी मोटार घेतली होती. मुलांनो, जंगलात डांबर कोणी ओतले ते विचारू नका. गोष्टीतले रस्ते आपोआप होतात.

मोटार चालवायचा बुधाजी अस्वल. बुधाजीच्या बापाला नाकात वेसण घालून जत्रेत नाचवले होते. बुधाजी मात्र बसून काम करायचा. आपल्या कुळात बसून काम करणारे आपण पहिलेच, हे त्याने कधी कोणाला सांगितले नाही. फक्त ती सीट तो रोज दोनदा पुसायचा.

खंडेनवमी आली. त्या दिवशी वाहनांची पूजा असते. प्रधान तरस शेपटी खोचून पुढे आले.

"महाराजांची गाडी आज मीच धुणार!"

धुता धुता त्यांना पुढच्या चाकाच्या कडेला चिंचोक्याएवढा करडा तुकडा चिकटलेला दिसला.

"शी! केवढा हा मळ!"

"प्रधानसाहेब, तो असू द्या. तो पहिल्यापासून तिथंच आहे," बुधाजी म्हणाला.

"म्हणजे पहिल्यापासून तू धुतलाच नाहीस!"

आणि त्यांनी तो दातांनी उपटून काढला. महाराज इतके खूष झाले, की त्यांनी तोच तुकडा दोऱ्यात ओवून प्रधानांच्या गळ्यात घातला. त्याचे नाव ठेवले 'स्वच्छतारत्न'.

दुसऱ्या दिवशी दसरा. महाराज सीमोल्लंघनाला निघाले. साठपर्यंत गाडी लोण्यातून चालल्यासारखी गेली. ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागले. महाराजांच्या मिशा थरथरल्या. मागच्या सीटवर त्यांच्यासमोर ठेवलेली आपट्याची पाने त्यांच्या मांडीवर सांडली.

"काय झालं रे?"

"पुढून काहीतरी हलतंय, महाराज."

"पुढं तर तूच बसलायस!" मागून प्रधान म्हणाले.

चौकशी समिती बसली. समितीत प्रधान एकटेच होते, त्यामुळे मतभेद झाले नाहीत. त्यांनी पाण्याने भरलेली वाटी बुधाजीच्या पंजावर ठेवली. पाणी हलले नाही.

"असं नाही. महाराजांच्या डोळ्यांत बघत धर."

बुधाजीने वर पाहिले. वाघाने जांभई दिली. सगळे दात दिसले. वाटीतले पाणी सांडले.

"सिद्ध झालं," प्रधान म्हणाले. "याचे हात थरथरतात, म्हणून गाडी थरथरते. रोज सकाळी हात वर करून शंभर वेळा झाडायचे. कोजागिरीला महाराज शेजारच्या जंगलात दूध प्यायला जाणार. तेव्हा थरथर झाली, तर तू उतरायचं. कायमचं."

बुधाजी चार दिवस हात झाडत राहिला. पाचव्या दिवशी सकाळी तो खवल्याकडे गेला. खवल्या म्हणजे खवलेमांजर. तो फार लाजाळू. कोणी मोठ्याने बोलले, की तो अंगाचा चेंडू करायचा. पण गाडीखाली शिरायला त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता.

"अस्वलदादा, साठला हलते?" त्याने हळूच विचारले.

"नाही. ऐंशीला."

"सीट हलते की स्टिअरिंग?"

बुधाजीचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत त्याला हे कोणी विचारलेच नव्हते.

"स्टिअरिंग."

"मग पुढच्या चाकात आहे. गाडी उचल बघू."

बुधाजीने गाडीचा पुढचा भाग उचलून धरला. त्याचे हात जरासुद्धा हलले नाहीत, पण ते बघायला समिती नव्हती. खवल्याने चाक फिरवले. थांबताना चाकाची एक बाजू खाली आली. पुन्हा फिरवले. पुन्हा तीच.

"ही बाजू जड पडतेय. समोरचं वजन गेलंय. चाकाचा तोल राखायला शिशाचा तुकडा असतो, चिंचोक्याएवढा. असला कुठंतरी पाहिलाय मी."

"प्रधानांच्या गळ्यात."

खवल्या अर्धा चेंडू झाला, मग पुन्हा उलगडला.

"दुसरा शोधू," खवल्या म्हणाला.

पाणमांजराने आपल्या जाळ्याचे शिसे दिले. खवल्याने ते थोडे थोडे कुरतडत लावून पाहिले. मग चाक कुठेही थांबायला लागले.

"पण पुढच्या खंडेनवमीला काय?" बुधाजी म्हणाला. "ते परत उपटतील."

खवल्याने विचार केला. मग शिशाला कुंकवाचे बोट लावले आणि वर एक झेंडूची पाकळी चिकटवली.

कोजागिरीला गाडी शंभरने गेली. महाराजांना वाटेत झोप लागली.

"पाहिलंत?" प्रधान म्हणाले. "हात झाडण्याचा गुण!" त्यांना दुसरे रत्न मिळाले. बुधाजीची सीट राहिली.

वर्ष गेले. खंडेनवमीला प्रधान पुन्हा चाकापाशी आले. त्यांनी दात पुढे केले आणि तसेच थांबले.

"अरे, हा कोणता देव?"

"शिसोबा, प्रधानसाहेब," बुधाजी म्हणाला. "ऐंशीच्या पुढं तोच सांभाळतो."

प्रधानांनी चपला काढल्या. चाकाला साष्टांग नमस्कार घातला. बुधाजीने सुटकेचा निःश्वास सोडला. खवल्या गाडीखाली गालात हसला आणि हळूच घरी गेला.

पण प्रधान मोठे भाविक. एवढा जागृत देव असा उघडा पाहून त्यांच्या जिवाला लागले. बुधाजी पूजेसाठी नारळ आणायला गेला. तेवढ्यात त्यांनी शिसोबाला मुठीएवढा चांदीचा मुखवटा बसवला, आणि बुधाजी परत यायच्या आत चाकावर झेंडूची जाड माळ गुंडाळून टाकली.

दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. साठपर्यंत गाडी लोण्यातून गेली.

ऐंशीला महाराजांच्या मिशा थरथरल्या. मांडीवर आपट्याची पाने पडली.

मागे कोणी काही बोलायच्या आत बुधाजीने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, आणि हात वर करून झाडायला लागला.

तात्पर्य : गाडी थरथरली, तर आधी चालवणाऱ्याचे हात तपासावेत. चाक तपासण्याच्या नादी लागू नये. त्याने गाडी दुरुस्त होते, आणि मग भक्तांना पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागते.