कचेरीखालची बाळंतीण

लोरेन ह्रुस्काच्या हातात खरेदीचं सरकारी कार्ड होतं, आणि नेब्रास्कातल्या त्या चिमुकल्या मृदसंधारण कचेरीत याहून मोठी सत्ता कुणाकडेच नव्हती. गवत कापणारा असो की खिडक्या पुसणारा, पैसे द्यायचे ते लोरेननं. "एकही नियम न मोडता काम कसं काढायचं, ते माझ्याकडून शिका!" असं ती कुणी न विचारता सांगायची.

मे महिन्यात कचेरीच्या लाकडी जमिनीखाली एक स्कंक बाळंत झाली, तेव्हा ड्वाइटसाहेब अर्थातच लोरेनच्या टेबलाशी आले. बाळंतीण जेमतेम मांजराएवढी. पण चिडली की शेपटी वर करून असा कुजक्या वासाचा फवारा मारायची, की अर्ज द्यायला आलेले शेतकरी दारातूनच गाडीकडे पळायचे!

"लोरेन, गुरुवारपर्यंत हिला घालव. नाहीतर शुक्रवारची रजा विसर."

शुक्रवारची रजा! शुक्रवारी घरी लग्नाचे कोलाचे, म्हणजे फळांचा मुरांबा भरलेले गोड पाव, भाजायचे होते. शनिवारी लोरेनच्या एकुलत्या एक लेकीचं, टेरेसाचं, लग्न. व्याही ओमाहा शहरातले, नाकानं कांदे सोलणारे.

"गुरुवार कशाला? बुधवारीच घालवते!" लोरेन म्हणाली.

तिनं मायलो सेडलाचेकला बोलावलं. हा शाळेतला सोबती, आता गावभरचे उपद्रवी प्राणी पकडायचा. त्यानं जमिनीखाली डोकावून हिशेब सांगितला, "मी आणि माझी दोन माणसं. पकडायचं, जाळी ठोकायची, वास धुवायचा. सव्वीसशे डॉलर."

लोरेनचा चेहरा पडला. कार्डावर असलं काम करून घ्यायची मर्यादा अडीच हजार. त्यावर एक डॉलर गेला, की मजुरीचा कायदा लागू! मग मजुरांना सरकारनं ठरवलेला दर द्यायचा, आणि काम लोरेनच्या हातातून थेट कॅन्सस सिटीतल्या खरेदी अधिकाऱ्याकडे. कष्टकऱ्याला रास्त मजुरी मिळावी म्हणून केलेला फार सुंदर कायदा! त्याच्या आसपासही फिरकायचं नाही, यातच लोरेनची सगळी कारकीर्द गेली होती.

"अडीच हजारात बसव," ती म्हणाली.

"बरं. पकडणं आत्ता, वास धुणं पुढच्या आठवड्यात. दोन बिलं कर."

"एका कामाचे दोन तुकडे? माझं कार्ड काढून घेतील!"

"मग वरचे शंभर सोडून दे. तेवढं फुकट करतो. टेरेसाचा आहेर समज."

"फुकट?" लोरेन किंचाळली. "सरकारला फुकट सेवा घेता येत नाही, मायलो!"

"म्हणजे महाग चालत नाही, तुकडे चालत नाहीत, फुकटही चालत नाही. तुमच्या सरकारला चालतं तरी काय?"

"कमी काम!" लोरेन विजयी मुद्रेनं म्हणाली. तिनं वास धुणं रद्द केलं आणि मायलोची दोन्ही माणसंही. कष्टकऱ्यांना जपणाऱ्या कायद्यातून निसटायला दोन कष्टकरी घरी बसवले. लोरेनला त्यात काहीच खटकलं नाही.

बुधवारी मायलो एकटाच आला. पिल्लं सहज पिंजऱ्यात आली. आई मात्र कोपऱ्यात फुरफुरत बसली.

"पिंजऱ्याचं दार धरायला कुणीतरी हवं," मायलो आतून ओरडला. "नेहमी बर्नी धरतो. त्याला तूच कमी केलंस!"

ड्वाइटसाहेबांना तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन आठवला. राहिली लोरेन. तिचा पगार सरकारीच, तेव्हा तिनं दार धरण्यात कुठलाच नियम आडवा येत नव्हता. ती गुडघ्यांवर बसली.

"हलू नकोस आणि बोलू नकोस," मायलो कुजबुजला. लोरेन बोलली नाही. बाळंतीण पिल्लांच्या ओढीनं दाराशी आली, आत एक पाऊल टाकलं, आणि लोरेनच्या खिशातला फोन खणखणला! ओमाहाच्या विहीणबाईंना फुलांचा रंग विचारायचा होता.

फवारा लोरेनच्या हनुवटीपासून केसांपर्यंत पोचला.

बाळंतीण पकडली गेली, रजाही मिळाली; वास मात्र हलेना. टोमॅटोचा रस झाला, सोडा झाला, भांड्यांचा साबण झाला. नवऱ्यानं बिछाना गॅरेजात हलवला. कोलाचे शेजारणीनं भाजले, कारण लोरेननं भाजलेले खाणार कोण? शनिवारी चर्चमधल्या पहिल्या बाकावर ती ऐसपैस एकटी बसली होती. टेरेसानं मिठी मारली, पण श्वास रोखून. लोरेनला भडभडून रडू आलं. लेकीच्या लग्नात आई रडतेच, असं लोकांनी समजून घेतलं, लांबूनच.

संध्याकाळी पोल्का नाच सुरू झाला. तिच्याबरोबर नाचायला कुणी पुढे येईना. शेवटी मायलो आला. धंद्यापायी त्याचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं.

"मायलो, खरं सांग," नाचता नाचता लोरेन म्हणाली. तिला थोडं तरी समाधान हवं होतं. "कायद्याचा दर लावला असता, तर तू बुडाला असतास ना?"

"दर आहे तरी किती?"

तिनं सांगितला. मायलो पोल्का सोडून जागीच थांबला.

"एवढाच? अगं, बर्नीला मी याहून जास्त देतो! नाहीतर स्कंकच्या शेपटीपुढे पोटावर सरपटायला कोण येईल?"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तू म्हणालीस, अडीच हजारात बसव!"

व्याह्यांच्या टेबलावरून कुणीतरी उठलं आणि आणखी एक खिडकी उघडली.