ढापणं

आमचे शामरावकाका सदऱ्याच्या कॉलरीत सुई टोचून हिंडतात. खिशात दोऱ्याचं रीळ. कुणाकडे पाहुणे आले की चहाच्या आधी सुई निघते आणि बहात्तराव्या वर्षी, बिनचष्म्यानं, पहिल्याच खेपेला दोरा आरपार जातो. मग काका माझ्याकडे वळतात. माझा नंबर उणे सात. चष्मा काढला की मी आंघोळीची बादली चाचपडत शोधतो.

"काहून गा ढापण्या, तुले सुई तरी दिसून राहिली का?"

शब्दाचा अर्थही तेच सांगतात. "घाण्याच्या बैलाच्या डोळ्यावर बांधते ते ढापणं. बिचारा गोल गोल फिरते अन् त्याले वाटते, आपण उमरेडले पोचलो. याची नोकरी तशीच आहे."

पाहुणे हसतात. मीही हसतो. वीस वर्षं एकाच टेबलाशी बसलेल्या माणसानं वाद काय घालायचा?

यंदा आमच्या जुईला चष्मा लागला. नऊ वर्षांची पोर. दोन दिवसांत चष्मा गायब. बायकोला तो तांदळाच्या डब्यात सापडला.

"मी नाही लावणार," जुई म्हणाली. "शामआजोबा मला ढापणी म्हणतील. सगळ्यांसमोर."

काका दारातच उभे होते. चहा न घेता परत गेले.

चौथ्या दिवशी आले ते माझ्यासारखाच जाड काळ्या काड्यांचा चष्मा लावून. "मलेबी नंबर निघाला, माय," जुईला म्हणाले. "आता आपण दोघंबी ढापणे."

जुईनं नुसतं पाहिलं. तिचा चष्मा काही डोळ्यांवर चढला नाही.

त्या संध्याकाळी भिवापूरचे पाहुणे आले आणि त्यांनी सुईची फर्माईश केली. काकांनी दोरा एकदा डावीकडून नेला, एकदा उजवीकडून. मग हात खाली घेतला.

"नाही जमत आता. जुई, तू पाहून दे वं."

जुई आत गेली, चष्मा लावून आली आणि जीभ दातांत धरून तिनं तिसऱ्या खेपेला दोरा ओवला. "आजोबा, एवढंही दिसत नाही तुम्हाला?"

"नाही ना, माय."

पाहुणे गेल्यावर मी तोंड धुऊन आलो आणि टेबलावरचा चष्मा चढवला. भिंतीवरचं घड्याळ धुरकट ते धुरकटच. चष्मा काकांचा होता. साधी काच.

मी तो गुपचूप होता तिथे ठेवला. काका खुर्चीतून पाहतच होते.

"काहून गा," ते हळूच म्हणाले, "काही दिसलं का तुले?"

"नाही काका. ढापण्याले काय दिसते?"