कैलासवासी चंद्राबाई जवळा मागतात

जमुनाला कोणी गाफील गाठून दाखवावं! भर कार्तिकात छत्री घेऊन निघणारी बाई ती. आठ महिन्यांची लेक काशी एकदा शिंकली, की जमुनाच्या डोळ्यांपुढे सर्दी, खोकला, डांग्या खोकला आणि ठाण्याचं इस्पितळ अशी रांग लागे. दुसरी शिंक यायच्या आत ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापत असे. "माणसानं पुढचं बघावं," असं ती नवऱ्याला ऐकवायची. नवरा कमळाकर मिठागराच्या कचेरीत कारकून. त्याला पुढचं काही दिसत नसे, फार तर पुढ्यातलं ताट दिसे.

ऐरोली गावात इंटरपर्यंत शिकलेली सून ती एकटीच. ठाण्याहून लग्न होऊन आली आणि सासूच्या गळ्याने खुळावली. चंद्राबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात बाकी काय हवं ते कमी पडो, धवलारणीवाचून मांडव हलत नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिने गायचा, तेव्हा कुठे तो विधी लागतो. चंद्राबाईला अक्षर एक येत नव्हतं आणि धवले दोनशे येत होते. जमुनाने तीन वर्षं बसून ते वहीत उतरवले. गिरगावातल्या एका प्रकाशकाने वही दीड महिना ठेवून परत धाडली. सोबत चिठ्ठी: 'लग्नात फुकट ऐकू येते ते विकत कोण घेईल?'

"बरं तर!" जमुना म्हणाली. "लेखिका मी, प्रकाशकही मीच!"

ठाण्याचे छापखानेवाले वामनराव तयार झाले. सोळा-सोळा पानांचे फर्मे एकामागून एक छापून निघाले. आणि पौषात चंद्राबाईंनी अंथरूण धरलं. ताप उतरेना, अन्न जाईना. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि कमळाकरला अंगणात नेऊन म्हणाले, "चार दिवस. फार तर पाच."

त्याच दिवशी वामनरावांचा निरोप आला. पुस्तकाचा पहिला फर्मा सगळ्यात शेवटी छापतात. तेवढाच राहिला होता, आणि त्यातली अर्पणपत्रिका जमुनाने दिलीच नव्हती. ती धावत ठाण्याला गेली.

"बाई, आज दिलीत तर छापतो," वामनराव म्हणाले. "उद्यापासून निवडणुकीची पत्रकं. जुळवलेले अक्षरांचे खिळे अडवून ठेवता येणार नाहीत मला. कोणाला अर्पण?"

"सासूबाईंना."

"आहेत?"

"आज आहेत."

वामनरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "बांधणीला आठवडा लागेल हो."

जमुनाने पुढचं बघितलं. रडत रडत, पण नीट बघितलं. मग वामनरावांचाच टाक घेऊन तिने लिहिलं: 'जिच्या कंठातून हे धन मला लाभले, जिने मला लेकीहून जवळ केले, त्या माझ्या कैलासवासी सासूबाई चंद्राबाई यांच्या पवित्र स्मृतीस.'

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई उठून भिंतीला टेकून बसल्या.

"जमुने! जवला हाय का गो घरान? चुलीवर भाजून दे. तोंडाला चव नाय."

कमळाकर आनंदाने नाचायचाच बाकी होता. जमुनाने मात्र तो सुक्या, बारीक कोळंबीचा जवळा भाजता भाजता असा हंबरडा फोडला की काशीही रडायला लागली.

"बगा," शेजारणी म्हणाल्या, "सून असावी तं अशी! सासू जगली म्हनून रडतंय!"

दुसऱ्या दिवशी जमुना परत ठाण्याला. फर्मा छापून, घडी घालून, शिवूनसुद्धा झालेला!

"त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" वामनराव म्हणाले. "शुद्धिपत्र छापू. तीनशे प्रती, तीनशे चिठ्ठ्या. तुम्ही घरी चिकटवा."

चिठ्ठी त्यांनीच रचली: 'पृष्ठ तीन. कैलासवासी हा शब्द गाळून वाचावे.'

"आणि 'पवित्र स्मृतीस' त्याचं काय?"

"स्मृती काय, जिवंत माणसाचीही असते!"

जमुनाला हायसं वाटलं. तिने आठवडाभराने येणाऱ्या गठ्ठ्यांसाठी कणगीमागे जागा केली, खळीसाठी तांदळाचं पीठ बाजूला काढलं, घरातल्या कंदिलाची वातसुद्धा कातरून ठेवली. सगळ्या बाजूंनी बंदोबस्त! एकच गोष्ट ती विसरली. कमळाकरला सांगायची.

गठ्ठे कमळाकरनेच ठाण्याहून आणले. येता येता वेशीवर एक सोडलाही. आईचं नाव छापून आलेलं! त्याने आत उघडून पाहिलं नाही, कव्हरावरचं नाव पाहूनच त्याचा ऊर भरून आला. आणि वरची प्रत त्याने थेट गावातल्या हिरामणच्या घरी दिली. हिरामणच्या मुलीचं, गोजराचं, लग्न दहा दिवसांवर होतं आणि गाणार होत्या चंद्राबाईच. ते एकच लग्न मनात धरून म्हातारी अंथरुणातून उठली होती. "गोजराचे आजीचे लग्नान माजी सासू गायली, आईचे लग्नान मी. आता गोजराला गाऊन मोकली होतंय," हे ती दिवसातून चारदा सांगायची.

हिरामण चौथी शिकलेला. संध्याकाळी तो डोक्याला टॉवेल गुंडाळून, तोंड उतरवून दारात आला.

"वैनी, लय वाईट झालं. आमाला कलवलं बी नाय? कवा गेली काकी?"

आतून काकींचा आवाज आला, "कोन हाय गो? हिरामन का? बस रं, चा घे!"

हिरामणने चहा घेतला नाही. पायातली एक वहाण दारातच राहिली, ती न्यायलाही तो परत आला नाही.

जमुना काशीला काखेत मारून त्याच्यामागे धावली. आता समजावेल, चिठ्ठी दाखवेल! पण हिरामणच्या ओटीवर म्हाताऱ्यांची सभा बसली होती. पुस्तक मधोमध, आणि सगळ्या त्यापासून हातभर लांब.

"चूक झाली हो माझी," जमुना म्हणाली. "आई ठणठणीत आहेत!"

"तं आमी कुठं नाय म्हनतंय?" हिरामणची आई यशोदाबाई म्हणाली. "पन कागदावं मेलेली ती. मेलेले बायचे तोंडून पोरीला हलद लावायची? पोरीचा संसार हाय, बाय."

"छापलेलं खोटं आहे ते!"

"मंग छापलंस कशाला?"

इंटरपर्यंत शिकलेल्या सुनेने काशीला खांद्यावर टाकलं आणि घरची वाट धरली.

धवले गायचं आमंत्रण म्हणून घणसोलीच्या पुतळाबाईला विडा-सुपारी गेली. ही पुतळाबाईही धवलारीण, चंद्राबाईंची तीस वर्षांपासूनची वैरीण. इकडे चंद्राबाई रोज दुपारी लुगडं बदलून ओटीवर बसायच्या, घसा खाकरायच्या, रस्ता बघायच्या.

"हिरामन आजून सुपारी घेऊन कसा नाय आला गो?"

"येतील, आई."

चौथ्या दिवशी जमुनाला राहवेना. तिने पुस्तक आणलं, समोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. चंद्राबाईंनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

"वाच."

जमुनाने अर्पणपत्रिका वाचली.

"आजून एक डाव वाच. ते लेकीचं काय हाय ते."

तिने वाचलं.

"मी जिती असताना यवरं ग्वाड कवा बोललीस गो मना?" चंद्राबाई म्हणाल्या. मग पान उलटून पाहून, "मारलीस ती मारलीस. फोटू तरी टाकायचा!"

लग्नाला त्या गेल्याच. "बोलावलंय सगल्या गावाला. मी काय गावात नाय?" मांडवाच्या मागच्या खांबाशी, बायकांच्या आड बसल्या. शेजारी जमुना, जिवाचे कान करून. देवांना मांडवात बोलवायचा धवला सुरू झाला. पुतळाबाईचा आवाज कसला, रहाटाला तेल नव्हतं जणू! तरी एकेक देव येत होते. सातव्या देवाशी गाडं अडलं. पुतळाबाई थांबली. परत मागून घेतलं, परत तिथेच थांबली. मांडवात चुळबुळ झाली. गोजराने मान वर केली.

"आई, नको हं," जमुना पुटपुटली.

पण तोंडातून निघायचं ते निघालं होतं. खांबाआडून चंद्राबाईंनी सातवा देव बोलावला, मग आठवा, नववा. आजाराने बारीक झालेला आवाज, पण सरळ, सुईतल्या दोऱ्यासारखा. पुतळाबाई गप्प. आणि मग पुस्तकाची गोष्ट ऐकलेली नवऱ्याकडची एक बाई किंचाळली, "आगो बाय! ही तं ती पुस्तकातली!"

वऱ्हाडात पळापळ झाली. एक पातेलं उलटलं. नवऱ्या मुलाचा मामा पाटावरून उठून म्हणाला, "मेलेलं मानूस गातंय ते लग्न आमाला नको!" हिरामणने हात जोडले, यशोदाबाईने पदर पसरला. शेवटी दोन बायकांनी चंद्राबाईंना दंडाला धरून मांडवाबाहेर आणलं. हळूच आणलं, पण आणलं. मागे पुतळाबाईने दहाव्या देवापासून पुढे सुरू केलं. तिला आता सगळं आठवत होतं.

सासू-सून घरी आल्या. दारात चंद्राबाई म्हणाल्या, "तीन देव तरी माजे आले."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी परत अंथरूण धरलं. जमुना उशाशी बसून अर्पणपत्रिकेवर चिठ्ठ्या चिकटवू लागली. एका मांडीवर काशी, दुसरीवर पुस्तक, मधे खळीची वाटी. आता तरी एक काम चोख व्हावं! शंभर झाल्या, दीडशे झाल्या. चंद्राबाई डोळे किलकिले करून बघत होत्या.

"यवऱ्या चिठ्ठ्या कशाला चिकटवतंस गो?"

"चूक सुधारायला, आई."

"फुकट मेहनत करतंस. जरा दम धर," म्हातारी म्हणाली. "मी बगतंय कायतरी."

जमुनाने दम धरला नाही. शुक्रवारी तिने तीनशेवी चिठ्ठी चिकटवली आणि वर मान करून म्हणाली, "झालं, आई!"

आईंचंही झालं होतं.

तेराव्यानंतर ती ओलं फडकं घेऊन चिठ्ठ्या काढायला बसली. तांदळाची खळ पक्की. चिठ्ठी निघताना खालचे शब्दही सोलून न्यायची. कुठे 'सासूबाई' गेल्या, कुठे 'लेकीहून जवळ'. 'कैलासवासी' मात्र तीनशे ठिकाणी शाबूत!

गावातल्या बायका जमुनाला बघून रस्ता बदलू लागल्या. "माजं नाव लिवू नको हां, बाय," एक जण लांबूनच ओरडली, "मना आजून जगायचं हाय!" दुसरं पुस्तक हा विषयच मिटला. जमुनाने वही कणगीमागे टाकली.

आणि एका दुपारी घणसोलीची पुतळाबाई काठी टेकत ओटीवर येऊन बसली. पाणी प्याली. सोललेल्या पुस्तकावरून बोट फिरवलं.

"हिचं मंजे आता राहील?"

"राहील."

"लोकं वाचतील?"

"वाचतील. कदाचित."

पुतळाबाईने पुस्तक मिटून जमुनाच्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "मना दीडशे येतान. तो सातवा देव सोरून. माजं बी छाप. पन घाई नको करू, बाय. वैशाखात माज्या दोन सुपाऱ्या हायत, त्या होऊ दे. मंग मार."

जमुनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने कणगीमागची वही काढली, पदराने पुसली. आणि काय करणार, माणसाचा स्वभाव! भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वैशाख कधी संपतो ते तिने आधी बघून ठेवलं.