चौकीतला राखणदार

खुट्ट! मागल्या दाराची कडी वाजली आणि दुपारची शांतता मोडली. नुकतीच डोळे मिटत आलेली विमल टक्क जागी झाली. जानकीने कपाळाला हात लावला. पोर झोपली की तेवढ्या अर्ध्या तासात आईला पत्र लिहायचं, असं तिने सकाळपासून ठरवलं होतं. पण लिहायचं तरी काय? आगबोटीवर नोकरीला असलेला तिचा भाऊ परशुराम चार वर्षांनी माहेरी, मिठबावला आला होता, फक्त आठ दिवसांसाठी. त्यातले तीन संपलेही होते. आणि तिचे सासरे, दाजी, म्हणाले होते, "गणपतीची चवथ तोंडार इली. घर कोण सारवतला? माहेर खंय पळान जाता काय?"

माहेर पळून जात नव्हतं. भाऊ जाणार होता.

मागल्या दारी जाऊन पाहिलं तर कुणीच नव्हतं. फक्त घरची तांबडी कोंबडी दगडी गडग्यावरून उडी मारून जकातीच्या जुन्या चौकीत शिरताना दिसली. तीन दिवस तिचं अंडं घरात सापडत नव्हतं, त्याचा उलगडा झाला.

आचऱ्याच्या खाडीवरची ही चौकी गोऱ्या सरकारने बांधली आणि आपल्या सरकारने सोडून दिली. आता तिथे राखणदार, म्हणजे त्या जागेचा अदृश्य धनी असतो, असं दाजी सांगत. घरातल्या कुणी तिकडे फिरकायचं नाही, दुपारी तर मुळीच नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. दाजींचा दरारा मोठा. आत्ताही श्रावणच चालू होता, आणि श्रावण पाळावा तर त्यांनीच. महिनाभर घरात सुक्या मासळीचा वाससुद्धा चालत नसे. देवळात गाऱ्हाणं घातलं जाई, तेव्हा प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत चाळीस वर्षं त्यांचाच आवाज सगळ्यांच्या वर असे.

पण कोंबडीने ताकीद ऐकली नव्हती. दाजी पडवीत झोपलेले असणार, आणि त्यांना उठवायचं धाडस कुणाचं? जानकीने काठी घेतली आणि विमलच्या हातात आपलं बोट दिलं.

"बोट सोडू नको हां. भिंतीच्या कडेन चल. वासे कुसले आसत, डोक्यार कौल पडात."

"आये, काठी कित्याक आपटतंस?"

"लांबडा जनावर आसला तर वाट सोडीत."

"ही दौत मी घेव?"

"ठेव थंय. आपली न्हय ती."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि कोंबडीचं 'कॉक कॉक' त्याच्यामागूनच येत होतं. मालकाला विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही, आणि मालक माणसांतला नसेल तर गाऱ्हाणं घालायचं, ही रीत. गाऱ्हाणं घालायचं काम पुरुषांचं खरं. पण जानकीचा पुरुष मुंबईला गिरणीत. तिने पदर सारखा केला आणि हात जोडले.

"बा म्हाराजा, हयच्या थळाच्या धन्या! तुझी लेकरा तुझ्या दारात इली. आमची कोंबडी तुझ्या आसऱ्याक इली आसा, ती सुखरूप परत कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आतून खणखणीत आवाज आला.

विमलने आईच्या पायांना मिठी मारली. जानकीच्या बगलेतली काठी खाली पडली. ती पोरीला उचलून पळणार, एवढ्यात दाराच्या फटीतून वास आला. भाजलेल्या सुक्या बांगड्याचा! पाठोपाठ एक दाबलेला खोकला. तो खोकला ती सात वर्षं रोज पहाटे ऐकत आली होती.

जानकी थांबली. चाळीस वर्षांच्या सवयीने म्हाताऱ्याचा घात केला होता. गाऱ्हाणं कानी पडलं, की तोंडात घास असो नाहीतर नसो, जाब जायचाच. तिने पदर तोंडाशी धरला आणि आवाज चढवला.

"तसाच बा म्हाराजा, माझ्या सासऱ्याक माका माहेराक धाडूची बुद्धी दी!"

 आतून फक्त कोंबडीचं 'कॉक कॉक' आलं.

"जाब मिळाक नाय तर मी भितर येवन तुझ्या पायार डोका ठेवतंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आतून घाईघाईने आलं.

"उद्या सकाळीच!"

"व्हय... म्हाराजा."

"भाव जायपर्यंत थंयच रवतलंय!"

या वेळी आधी एक सुस्कारा आला, मग होकार. दार वीतभर उघडलं, कुणीतरी भिरकावल्यासारखी कोंबडी बाहेर आली आणि दार धाडकन बंद झालं.

तिन्हीसांजेला दाजी पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्यांनी घसा साफ केला.

"गो, आयकतंस? उद्या मिठबावाक जा. परशुराम काय रोज येणा नाय. सारवणाचा मी बघतंय."

"तुमका त्रास..."

"दुपारी जरा डोळो लागलो, तर सपनात राखणदार इलो. तोच म्हणालो." दाजींनी अडकित्त्यावरची नजर काढली नाही. "आणि येताना चार सुके बांगडे घेवन ये. तेचो मान आसता. मीच नेवन ठेवतंय चौकीत."

जानकीने मान खाली घालून "बरां" म्हटलं. वर बघितलं असतं तर दोघांचीही पंचाईत झाली असती.

विमल मात्र दुपारपासून कसल्यातरी विचारात होती. तिने आईचा पदर ओढला आणि दाजींच्या समोरच विचारलं,

"आये, श्रावणात बांगडो खाल्लेलो राखणदाराक चलता, मगे आमकाच कित्याक चलणा नाय?"