अध्यक्ष येईपर्यंत अणूने थांबावे

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या पिपरी मेघेच्या महाविद्यालयात अध्यक्ष आल्याशिवाय काहीही सुरू होत नाही. रक्तदान शिबिर असो की मुताऱ्यांचे लोकार्पण, आधी अध्यक्ष येतात, फीत कापतात, मगच जे वाहायचे ते वाहू लागते. हा नियम कोणी केला, हे विचारायची आजवर कोणाची छाती झालेली नाही. मी कार्यक्रम समितीचा सचिव आहे, म्हणून ठासून सांगतो.

त्या दिवशी कार्यक्रम अणूचा होता. आमची माजी विद्यार्थिनी, श्रावणभाऊंची मुलगी जागृती, परदेशातल्या एका प्रयोगशाळेसोबत नोबेलियमवर संशोधन करते. हे मूलद्रव्य निसर्गात सापडत नाही. तिकडचे यंत्र शिशावर कॅल्शियम आदळून त्याचे अणू घडवते, आणि घडलेला अणू जेमतेम मिनिटभर टिकतो. तेवढ्यात त्याच्यावर लेझरचा प्रकाश पाडायचा. प्रकाशाचा रंग अचूक जुळला तर अणू आपला एक इलेक्ट्रॉन सोडतो, आणि त्यावरून त्याच्या पोटातली रचना कळते. जागृती तो रंग शोधत होती. यंत्रावर तिची पाळी फार वाट पाहून लागली होती, तीही एका दुपारपुरती. ती हुकली तर शिष्यवृत्ती संपणार आणि संशोधनही.

प्रयोग तिकडेच उरकला असता. पण लेझर सुरू करायची कळ वर्ध्यातच दाबली गेली पाहिजे, अशी गळ प्राचार्य मोतीलालजींनी घातली आणि पोरगी भावनेच्या भरात हो म्हणून बसली. घोडं पेंड खातं ते इथेच. संगणक मंचावर आला, त्याच्यावर लाल मखमल आली, मखमलीवर फीत आली आणि फितीसमोर प्राचार्य स्वतः बसले.

अणू वेळेवर आले. अध्यक्ष चंद्रभानजी आले नाहीत. ते पुलगावला एका व्यायामशाळेचे उद्घाटन करत होते.

"सर, यंत्र सुरू झालं. अणू येऊन राह्यले," जागृती म्हणाली. "कळ दाबू द्या मले."

"बसव त्याईले," प्राचार्य म्हणाले. "चहा झाला का त्याईचा?"

"सर, ते मरून राह्यले."

हे ऐकून प्राचार्यांचा चेहरा उतरला. माणूस मनाने हळवा. कोणी गेल्याचे कळले की आमच्याकडे दोन मिनिटे उभे राहिल्याशिवाय पुढचा शब्द निघत नाही. त्यांनी मला खूण केली. मी माइकवरून दुःखद वार्ता दिली, सारे सभागृह उठले, मौन झाले. लोक खुर्च्या ओढून बसतात न बसतात तोच जागृतीने सांगितले, की मौन चालू असताना आणखी गेले.

आता आली का पंचाईत? पहिल्यांना मौन आणि पुढच्यांना ठेंगा, असला भेदभाव आमच्या संस्थेत चालत नाही. आम्ही पुन्हा उभे राहिलो. तेवढ्यात आणखी गेले. मौन मरणाला पुरेना. शेवटी समितीने मंचावरच तातडीची बैठक घेऊन 'आज गेलेले आणि अध्यक्ष येईपर्यंत जाणारे' अशा सर्वांना सामूहिक श्रद्धांजली वाहण्याचा ठराव केला. ती शब्दरचना माझी.

जागृतीने मखमलीखाली हात घातला. प्राचार्यांनी तो अलगद बाहेर काढला.

"पोरी, फीत कापल्याबिगर हात लावशीन तं अध्यक्षाले मी काय तोंड दाखवू?"

मग ती माइकपाशी आली. "काका-मावशी, यंत्रावरची माही पाळी संपत आली. तुमच्यातल्या कोण्या एकानं उठून म्हणा, सुरू कर. फक्त एकानं. मंग सरांचाही नाइलाज होईन."

सगळ्यांनी शेजाऱ्याकडे पाहिले. शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याकडे. श्रावणभाऊ अर्धे उठले, पण मागच्याने सदरा ओढून त्यांना खाली बसवले. "भाऊ, बापाचं म्हणणं धरत नाईत," तो म्हणाला.

अध्यक्ष पोचले तेव्हा तिकडे यंत्र दुसऱ्या कोणाच्या ताब्यात गेले होते. फीत कापली, मखमल सरली, कळ दाबली. संगणकाचा पडदा काळाच राहिला आणि टाळ्या कडाडल्या.

"अणू कुठी आहेत?" चंद्रभानजींनी विचारले.

"गेले साहेब," मी म्हणालो.

"काऊन? मी येऊन राह्यलो हे सांगतलं नव्हतं का त्याईले?"

खरेच, ते राहून गेले होते. समितीतर्फे मी दिलगिरी व्यक्त केली. जागृती न जेवताच निघून गेली. श्रावणभाऊ तिची बॅग घेऊन मागे मागे चालले होते.

आता हे वाचून तुम्ही हळहळाल. म्हणाल, मी तिथे असतो तर नक्की उठलो असतो. अहो, तुम्ही होतात की. पंख्याखालची खुर्ची धरून बसला होतात. मौनाला सगळ्यांच्या आधी उभे राहिलात, आणि पोरगी हाक देत होती तेव्हा जेवण कुठे ठेवलेय, हे मला खुणेने विचारत होतात.